उंडनी

कार्ड हे चौथं. खातं तेच.
पहिल्यावर अक्षरं फुगीर होती,
डोळे मिटून बोट फिरवलं तरी
नाव लागायचं: पद्मावती आर. कोडम,
आणि खाली बारीक, २००३ पासून.
आता चिप आली, सगळं सपाट.

नव्या पेठेत छत्री लावून बसला होता पोरगा.
एप्रिल. टायची गाठ घामानं काळी.
मी शाळेत क्लार्क, पगार सहा हजार दोनशे.
"फुकट आहे मॅडम," म्हणाला.
मी विचारलं, परत कधी द्यायचं असतं?
तो थोडा गोंधळला.
सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

आईनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं.
तंबाखूचा वास लागला त्याला.
पुसला नाही मी.
तिचंही कार्ड होतं, पुठ्ठ्याचं, कारखान्याचं,
सुपाच्या कडेला दोऱ्यानं बांधलेलं:
हजार बिड्या, वजा छाट,
वजा पान कमी पडलं त्याचे,
मुनीमाची तिरकी सही.
एकतीस वर्षं.
"म्हणजे हे लोक तुला आधी देतात?
आणि मग मागतात?"
दोनदा विचारलं तिनं.

पहिली खरेदी कूलर. सत्तावीसशे.
अशोक चौकातून रिक्षात, मांडीवर धरून.
त्या मे महिन्यात आई
पहिल्यांदा दुपारची झोपली,
आणि उठल्यावर चोरासारखी इकडंतिकडं बघत राहिली.

मग राजेशमचे चार माग.
सुताचा भाव, विजेचं बिल, परत आलेले टॉवेल.
तो काही मागत नव्हता, पर्स मीच उघडली.
मशीनमधून रोख काढली
की त्याच दिवसापासून व्याज धावतं,
हे बारीक अक्षरांत होतं.
पोरांच्या दाखल्यातला काना-मात्रा पकडणारी मी,
नेमकं तेच वाचलं नव्हतं.

एकोणीस महिने.
मधल्या सुट्टीत फोन यायचे,
आधी "मॅडम", मग "पद्मावतीबाई",
मग नुसतंच "ऐकू येतंय ना?"
दोन माग भंगारात गेले, किलोवर.
काटा हलत होता तोवर राजेशम
बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभा होता.

शेवटचं भरून आले त्या संध्याकाळी
त्यानं कात्री पुढं केली. काप.
मी घेतलीही हातात.
खाटेवरून आई म्हणाली, "उंडनी."

आमच्या तेलुगूत एवढंच:
असू दे, राहू दे, तुझं काय खातंय ते,
सगळं त्यात येतं.
कशाला म्हणाली ते विचारायचं राहिलं.
कदाचित कात्रीच नको होती तिला,
चिमटीत पान धरून तिनं जन्मभर
दुसरं केलं काय.

परवा पुण्याहून विनीतचा फोन.
घराच्या कर्जाला मी सहअर्जदार.
"आई, ते जुनं खातं बंद करू नकोस हं,
तेवीस वर्षांचं आहे, वजन पडतं त्याचं."
मी म्हटलं, बाबांना सांग हे.
राजेशमनं फोन घेतला,
हं, हं, म्हणाला,
आणि कात्री कुठं ठेवलीय ते मला विचारलं.
मिशीसाठी.

खातं झोपू नये म्हणून
महिन्यातून एकदा कार्ड बाहेर काढते.
पाव किलो शेंगाची चटणी, एखादा कडक भाकरीचा पुडा.
"एवढ्याला कार्ड कशाला वो बाई,
स्कॅन करा की."
असू दे, म्हणते. मशीन चालू आहे ना?

तो मशीन पुढं सरकवतो, तोंड फिरवतो.
चार आकडे दाबते.
कुठले ते सांगायचे नसतात.
सुपाला बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड
कधीच चुलीत गेलं,
त्याच्या कोपऱ्यातला नंबर कुणाला आठवायचं कारण नाही.
मशीन जरा थांबतं,
मग मंजूर म्हणतं.

"कॉपी पाहिजे का?"
दे.